अंगण झाडून मिळालेली शाळा

“आधी अंगण, मंग किल्ली,” असं म्हणून दादासाहेबांनी दाराआडचा खराटा माझ्या पायाशी टाकला.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. त्यांच्या लोखंडी गेटाबाहेर मी उभी होते आणि माझ्यामागं दोन रांगा करून पोरं उभी होती. मी त्या पोरांची बाई. शाळेची किल्ली दादासाहेबांच्या ओसरीतल्या खुंटीला टांगलेली असायची आणि ती मागायला मला रोज असं उभं राहावं लागायचं. गेटाच्या आत यायचं नाही, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीतल्या माणसाला ते चालायला लागल्यापासूनच ठाऊक असतं.

“आज गडी आला नाय,” ते म्हणाले. “पोरी हायेत की तुझ्याजवळ. धा मिनटाचं काम.”

मी खराटा उचलला. पोरींना कशाला लावायचं, आपणच झाडून टाकू, असा विचार करून मी वाकले. तेवढ्यात ते हसले.

“तू नगं. तू मास्तरीण हायेस आता. तुला शोभत नाय. पोरींना लाव.”

खरं सांगते. त्यांच्या त्या ‘शोभत नाय’नं मला क्षणभर बरं वाटलं. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात घाण गोष्ट हीच आहे, म्हणून ती आधी सांगून टाकते. ज्या माणसाच्या ओट्यावर माझ्या आईनं कधी पाय ठेवला नाही, त्यानं मला मास्तरीण म्हटलं होतं. मी खराटा प्रज्ञाच्या हातात दिला. प्रज्ञा चौथीत होती, पोरींमध्ये थोराड. तिनं दप्तर काढून माझ्याकडं दिलं आणि गेटातून आत गेली. झाडायला आत जायला हरकत नव्हती.

अंगण मोठं होतं. मोसंबीच्या क्रेटांतला पाचोळा, शेण, बिडीची थोटकं. पोरं रांगेत उभी राहून बघत होती. झाडून झाल्यावर दादासाहेबांनी किल्ली वरून माझ्या ओंजळीत सोडली, बोटाला बोट लागू न देता. आम्ही शाळेत गेलो. त्या दिवशी मी बेरीज शिकवली की काय शिकवलं, मला आठवत नाही.

आमची वस्ती पाचोडपासून आत, डांबरी रस्ता संपल्यावरही बरीच पुढं आहे. मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं आमची घरं, सगळी बौद्धांची. पलीकडं गाव आणि दादासाहेबांची मोसंबीची बाग. वस्तीवर आधी एक सरकारी शाळा होती, समाजमंदिरात भरायची. मी तिथंच शिकले. पुढं पट कमी म्हणून ती बंद झाली. मोठ्या गावची शाळा हायवेच्या पलीकडं. मोठी पोरं जायची कशीबशी. लहान पोरं घरी बसली, आणि पोरी तर बसल्याच. कुणी शेळ्यांमागं, कुणी आईबरोबर ऊसतोडीला.

तेव्हा मी शहरात डी.एड. करत होते. बसच्या पाटीवर शहराचं नवं नाव आलंय, माझ्या आईच्या तोंडी अजून औरंगाबादच. उस्मानपुऱ्यात एका संस्थेचं ऑफिस होतं. आडरानातल्या गावांत शाळा बांधून द्यायचं काम करायचे. मी तिथं सहा वेळा गेले. सातव्या वेळी तिथले सर गाडी घेऊन वस्तीवर आले. माणूस वाईट नव्हता. पोरांशी बोलला, आईच्या हातचा चहा प्यायला. म्हणाला, “बांधू आपण. फक्त जागा द्या.”

जागा कुठून देणार? वस्तीवरच्या कुणाच्या नावावर घराखालची जमीनसुद्धा धड नाही. गायरान होतं, पण त्याच्या अर्जाला वर्ष-दोन वर्षं लागतील, असं सर म्हणाले, आणि देणगीदारांना तर पावसाळ्याआधी इमारत बघायची होती. मग दादासाहेब पुढं झाले. ओढ्यालगतचा त्यांचा एक तुकडा होता, मुरमाड, तिथं कुसळसुद्धा उगवत नव्हतं. “घ्या,” म्हणाले. “पोरांचं कल्याण व्हऊ द्या.” आमच्या माणसांचे डोळे भरून आले. माझेही आले. कशाला खोटं बोलू?

पण मी चार बुकं शिकलेली. नुसत्या तोंडानं दिलेली जागा म्हणजे दिलेली नसते, हे मला कळत होतं. कोर्टाबाहेरच्या एका टायपिंगवाल्याकडून मी बक्षीसपत्राचा मसुदा करून आणला. ही जागा शाळेसाठी कायमची दिली, एवढंच त्यात होतं. भूमिपूजनाच्या दिवशी सगळे जमले होते. दादासाहेब, सर, वस्तीतली माणसं, गावातली माणसं. नारळ फोडायच्या आधी मी पिशवीतून तो कागद काढला आणि म्हणाले, “दादासाहेब, एवढी एक सही…”



दादासाहेबांनी कागद हातात घेतला नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. माझ्या वडलांकडं पाहिलं.

“सखाराम, तुझी पोर शिकली, चांगलं झालं. पण ह्या पंचक्रोशीत माह्या बापाच्या शब्दावर लग्नं ठरलेली हायेत. आमच्यावर इस्वास नाय व्हय तुमचा?”

माझ्या वडलांनी माझ्या हातातून कागद घेतला. चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. हात जोडले. “पोरगी हाये, मालक. शहराचं वारं लागलंय.” माणसं हसली. सरही हसले, हे मी विसरणार नाही. त्यांना कायदा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. मी म्हणाले, “चुकलं.”

नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं.

आमच्याकडं ही रीतच आहे. देणाऱ्याला कागद मागायचा नाही. मागितला तर तो देणाऱ्याचा अपमान. घेणाऱ्याचा अपमान कशानं होतो, ते कुणी ठरवलेलं नाही.

दोन खोल्या उभ्या राहिल्या. पाया वस्तीनं खणला. मुरमात पहार बसत नव्हती, तळहात सोलले माणसांचे. बायांनी ओढ्यापलीकडून डोक्यावर पाणी आणून भिंतींना मारलं. पुढं संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर देणगीदारांची नावं, आणि वर मोठ्या अक्षरात दादासाहेबांच्या वडलांचं नाव, कारण शाळेला त्यांचंच नाव दिलं होतं. पाया खणणाऱ्यांसाठी पाटीवर जागा उरली नव्हती. मी बाई म्हणून रुजू झाले. शिक्षकभरती होत नव्हती, परीक्षा पास होऊन मी घरात बसले होते, त्यामुळं संस्थेचं मानधन म्हणजे मला लॉटरीच वाटली.

पहिल्या वर्षी शाळेतला एक पंखा चोरीला गेला. दादासाहेब म्हणाले, किल्ली माझ्याकडं ठेवा, राखण मी करतो. बरं वाटलं. मग म्हणाले, एका खोलीत दोन दिवस खताच्या गोण्या ठेवतो. दोन दिवसांचे दोन महिने झाले. त्या वासानं पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी आम्ही दारं उघडी टाकून शिकायचो. संस्थेनं शाळेसाठी बोअर घेतला, तर त्याचा स्टार्टर दादासाहेबांच्या शेडात बसला. पाणी मोसंबीला आधी, पोरांना उरलं तर. बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात ना, तसं. आणि मग आलं अंगण.

एकदा झालं. मग गडी रोजच यायचा बंद झाला. आठवड्यानं मी काय केलं सांगते. एकाच पोरीवर अन्याय नको म्हणून मी पाळ्या लावल्या. कार्डशीट आणलं. स्केचपेननं रकाने आखले. वर छान वळणदार अक्षरात लिहिलं, ‘परिसर स्वच्छता’. सोमवार प्रज्ञा, मंगळवार सोनाली, बुधवार आम्रपाली. पोरांची नावं टाकली नाहीत. दादासाहेब म्हणाले होते पोरी, म्हणून पोरी. तो तक्ता मी भिंतीवर लावला. संस्थेची पाहुणी मंडळी आली, तेव्हा त्यातल्या एका मॅडमनी तक्त्याचा फोटो काढला. “किती छान संस्कार!” म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले.

असं नाही की मी काहीच केलं नाही. एसटीनं उस्मानपुऱ्याला गेले. सरांना सगळं सांगितलं, अंगणापासून स्टार्टरपर्यंत. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला, चहा मागवला.

“ताई, ग्रामीण भागात थोडं सांभाळून घ्यावं लागतं,” ते म्हणाले. “धर्माच्या गाई आणि दात का गं नाही, असं आपण करू नये. ते उठले आणि कुलूप घातलं, तर आपण काय करणार? जागा त्यांची.”

“जागा त्यांची कशी? दिली ना त्यांनी?”

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “इमारतीत मोठ्या लोकांच्या देणग्या अडकल्यात. तुम्ही भावनेच्या भरात काही करू नका.”

परतीच्या बसमध्ये मी हिशेब घालत होते. गप्प बसले तर पोरी झाडतात. बोलले तर शाळा बंद होते, पोरी ऊसतोडीला जातात. झाडून का होईना, शिकतायत तरी, असं मी स्वतःला सांगायचे. दहा मिनिटांचंच तर काम. आपल्या आया आयुष्यभर झाडत आल्या, या निदान पुढं शिकतील. रोज सकाळी ओढा ओलांडताना मी हेच घोकायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि मार खाणारी मी नव्हतेच, बुक्क्या खात होती ती दहा वर्षांची लेकरं. मी नुसतं त्यांचं तोंड दाबत होते.

मग एका शनिवारी पालकसभा होती. पालकसभा म्हणजे पाच-सहा आया, त्याही कामावरून परस्पर आलेल्या. प्रज्ञाची आई कांताबाई त्या दिवशी पहिल्यांदा आली. ती दादासाहेबांच्याच बागेत मोसंबी तोडायला जाते. हाताला काट्यांचे ओरखडे, डोक्याला टॉवेल. लिहिता-वाचता येत नाही. भिंतीवर सगळीकडं बघत होती. बाराखडी, पाढे, भारताचा नकाशा. मग तक्त्यापाशी थांबली. लेकीचं नाव तिला ओळखू येतं, कारण प्रज्ञानं तिला ते शिकवलंय.

“प्रज्ञे, इथं तुझं नाव कामून लिव्हलंय गं?” तिनं विचारलं. आवाजात कौतुक होतं. तिला वाटलं, नंबर आला असेल.

प्रज्ञानं वाचून दाखवलं. “सोमवार. परिसर स्वच्छता. प्रज्ञा.”

“परिसर म्हंजी काय?”

“दादासाहेबांचं अंगण,” प्रज्ञा म्हणाली. कसलीही तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. बाईंनी विचारलं असतं तर तिनं असंच उत्तर दिलं असतं.

कांताबाईनं माझ्याकडं पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

“ताई, मी त्याच्या बागंत राबते, ते पोटासाठी. संध्याकाळी मजुरी घेते अन् घरी येते. माझ्या लेकीनं कशापायी झाडायचं? शाळंत यायचंय म्हणून?”

“किल्लीसाठी,” मी म्हणाले. “नाहीतर ते शाळा उघडू देत नाहीत.”

“मंग तू काय केलं?”

मी तक्त्याकडं पाहिलं.

“मला म्हणायचीस. आमाला सगळ्यांना म्हणायचीस. तू सोताच ठरवलं व्हय, की आमच्या पोरींनी झाडायचं? आन् वरतून अक्षर काढून भिताडावर लावलं?” तिनं तक्त्यावरून हात फिरवला. “लई सुरेख काढलंय गं.”

आत्तापर्यंत मला दादासाहेबांचा राग येत होता, सरांचा येत होता, वडलांचा येत होता. त्या दिवशी कळलं की माझ्यावर कुणी जबरदस्ती केलीच नव्हती. दादासाहेबांनी खराटा टाकला होता, तक्ता त्यांनी नव्हता आखला. तो मी आखला. घाबरलेल्या माणसाचं काम नीटनेटकं असतं. मला लाज वाटली. तक्ता मी तिथंच फाडला, पण फाडल्यानं काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मी गेटावर गेले. पोरं मागं होती. दादासाहेबांनी खराट्याकडं मान केली.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाय?”

“पोरी झाडणार नाहीत. मीही नाही. किल्ली द्या.”

मग शांतपणे म्हणाले, “सख्याची पोर ना तू? तुझ्या बापाला जाऊन इचार, जागा कुणाची हाये.” आणि आत निघून गेले. किल्ली खुंटीलाच होती. मला तिथून दिसत होती.

मी पोरांना वळवलं. दोन रांगा, आलो तशाच. ओढा ओलांडून परत वस्तीवर. समाजमंदिराच्या पडवीत सतरंजी टाकली आणि हजेरी घेतली. हजेरीतल्या खुणा वाकड्यातिकड्या आल्या.

हे शौर्य वगैरे वाटत असेल तर वाटू देऊ नका. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी पोरं काढून घेतली. कांताबाईला बागेतून काढलं, काही न सांगता, नुसतं ‘उद्यापासून येऊ नगं’ एवढं म्हणून. ती आता पाचोडच्या बाजारात भाजी विकायला बसते. माझ्यापायी काढलं, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. ती मला तसं म्हणत नाही, म्हणून जास्त लागतं.

वडील म्हणाले, “जाऊन पाया पड. संपव एकदाचं.”

मी म्हणाले, “बाबा, त्या दिवशी तुम्ही तो कागद का घेतला माझ्या हातून?”

ते तंबाखू चोळायला लागले. “वाटलं, कागद मागितला तर शाळाच हुकंल,” म्हणाले. “अन् आता ती बी हातची गेलीच म्हण.” त्यांना बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मीही रोज सकाळी तेच तर म्हणत होते. घाबरायचं आम्ही वारसाहक्कानं घेतलं, त्याला मात्र कागद लागला नाही.

सर आले. या वेळी चहा प्यायले नाहीत. पडवीत उभे राहून म्हणाले, “महिनाअखेरीला देणगीदार येतायत. शाळा इमारतीत भरलेली दिसली पाहिजे. तुम्ही दादासाहेबांकडं दिलगिरी व्यक्त करा, विषय संपेल. नाहीतर मला तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल.”

“दुसऱ्या बाईनं झाडून घ्यायचं का पोरींकडून?” मी विचारलं.

“तुम्ही फार टोकाचं बोलता, ताई.”

“सर, भूमिपूजनाला तुम्ही हसलात. तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला असता, तर आज ही वेळ आली नसती. मी पोर होते. तुम्ही संस्था होतात.”

त्यांनी गाडीचं दार लावलं. चार दिवसांनी पत्र आलं. माझ्या सेवेची गरज उरली नाही म्हणे.

मानधन गेलं. पडवीत पोरं बसतायत, पत्रे दोन ठिकाणी फुटलेत, फळा नाही म्हणून दाराच्या फळीवर लिहिते. ही शाळा कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळं इथल्या पोरांना दाखला कोण देणार, हे मला अजून माहीत नाही. रोज त्याची काळजी लागते. गायरानातल्या जागेसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्यावर वस्तीतल्या प्रत्येक घराची सही किंवा अंगठा आहे. पहिल्यांदा ग्रामसेवकानं घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला, पण पोच दिली नाही. तिसऱ्यांदा कांताबाई आणि सात बाया ऑफिसच्या दारात बसल्या, तेव्हा पोच मिळाली. वर्ष लागेल म्हणाले होते ना सर. लागू दे. तेवढं आधीच लागू दिलं असतं, तर आज खोल्या आमच्या असत्या.

परवा दुपारी दादासाहेबांचा गडी मोटारसायकलवर वस्तीवर आला. पोरं जेवत होती. कांताबाई बाजारातून आली होती, ती खांबाला टेकून बसली होती. गड्यानं खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

“दादासाहेब म्हणले, झालं गेलं जाऊ द्या. अंगणाचं राहू द्या. उद्यापासून शाळा उघडा. रईवारी पाव्हणे येणार हायेत, तेवढी पोरं रांगंत उभी करा आन् दादासाहेबांच्या वडलांच्या फोटोला हार घालायला लावा. बस.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पडवीतली पोरं, आया, ओट्यावर बसलेले माझे वडील. माझ्या मनात दोन खोल्या आल्या. पक्कं छप्पर, फळा, संडास. हो म्हणायला जीभ उचलली होती, हे लपवत नाही. मी कांताबाईकडं पाहिलं. या वेळी मला तिच्या वतीनं ठरवायचं नव्हतं.

“काय करायचं?” मी तिला विचारलं. सगळ्यांना विचारलं.

“आज अंगणाचं राहू दे म्हणतोय,” कांताबाई म्हणाली. “उद्या नाय म्हणायचा. किल्ली त्याच्याच खिशातून आलीय ना?”

वडलांनी मान हलवली. नको, अशी.

मी गड्याला म्हणाले, “दादासाहेबांना सांगा, किल्ली नको. आधी जागा शाळेच्या नावावर करा. कुलूप आमचं आम्ही आणू.”

गडी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. असंच सांगू का, म्हणून त्यानं मला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणाले.